आठव्या खंजिराच्या मागे चाकणपर्यंत

माझं अक्षर बघून कोणी हसू नये. चौथी झाली तशी माझ्या हातातली पाटी गेली आणि परात आली. तेव्हापासून पिठात बोटं उमटतात तेवढंच माझं लिहिणं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. जिथं वेलांटी चुकली असेल तिथं वाचणाऱ्यानं आपली घालून घ्यावी. खरं तर हे कोणाला दाखवायला लिहीतच नाही. पण मी चाकणला जाऊन आले आणि आमच्या आळीतल्या एकाही बाईनं बघितलं नाही ते बघून आले. ते पोटात ठेवून मला चैन पडेना, म्हणून लिहिते.

चिंचवड

दर साली शिमगा झाला की पवनेच्या काठी मोकळ्या रानात सिनेमाचा तंबू लागतो. तंबूच्या मधोमध पडदा. पडद्याच्या पुढं गडीमाणसं, पडद्याच्या मागं बायका. ज्यांनी तंबूतला सिनेमा बघितला नसेल त्यांना सांगते, पडद्याचं कापड पातळ असतं, चित्र मागच्या बाजूलाही उमटतं, आणि बायकांचं तिकीट निम्मं असतं. एवढ्यावर आम्ही खूष. सुरुवातीची अक्षरं मात्र मला कधी लागली नाहीत. उर्दू असतील नाहीतर इंग्रजी, आपली चौथी कुठवर पुरणार, असं म्हणून मी गप्प बसायची. आणि आम्हा सगळ्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती की सिनेमातली माणसं डावरी असतात. डाव्या हातानं पिस्तूल झाडतात, डाव्या हातानं जेवतात, त्यांच्यातल्या बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात. सासूबाई म्हणायच्या, "डाव्या हातानं घास घेणारी माणसं, त्यास्नी कशाचा आलाय धर्म!"

या साली तंबूत "आठवा खंजीर" लागला आणि आमच्या घराची घडी मोडली.

चित्र मारधाडीचं. एका बापाला आठ जण मिळून मारतात आणि त्याची मुलगी एकेकाला खंजिरानं गाठते, एवढीच गोष्ट. पण चित्र इतकं जुनं की आठातले पाचच खंजीर शिल्लक राहिले होते. पुढची रिळं कुठं तुटली, कुठं जळाली, देवाला ठाऊक. पाचवा माणूस पडला की एकदम शेवटची पाटी यायची. दरीत कोसळणारी मोटर होती, ती त्याच सिनेमा कंपनीच्या आणखी दोन चित्रांत कोसळताना आम्ही आधी बघितली होती. मोटर दिसली की पलीकडून गडी ओरडायचे, "आली रे, आपली मोटर आली!" चांगल्या चित्राला कोणी एवढं ओरडत नाही. पिंपरीच्या नव्या कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की तशीच तेलकट कपड्यांनी यायची आणि पडद्यावरचा माणूस बोलायच्या आधी त्याचं वाक्य बोलायची. बाहेर पडली की सहावा खंजीर कोणाला, सातवा कोणाला, यावर भांडायची. आमचे हे त्यांच्यात सगळ्यांत पुढं. तंबू होता तोवर यांनी एक खेळ चुकवला नाही. घरी आले की उलथनं घेऊन दाराच्या चौकटीवर फेकायचे. चौकटीला अजून खाचा आहेत.

त्या मुलीचं काम करणारी मिस अंगार. अंगात पँट, कपाळापासून नाकापर्यंत काळा रुमाल, त्याला डोळ्यांपुरती भोकं, कमरेला आठ खंजिरांचा पट्टा, एकेकाची मूठ मोराच्या तोंडाची. रुमालाखाली दिसायचे ते ओठ आणि ओठाशेजारी गालावरचा तीळ.

"काय तीळ हाय गं," हे जेवताना म्हणाले. "डाव्या गालावर, कुणी मुद्दाम टिंब दिल्यासारखा."

"उजव्या गालावर हाय," मी म्हटलं.

"डाव्या. तुला काय कळतंय?"

लहानपणी जात्यावर आपटून माझ्या कपाळावर खोक पडली आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती खोक कुठल्या बाजूला आहे हे विचारलं असतं तर यांना सांगता आलं नसतं. आणि परक्या बाईच्या तिळाची बाजू यांना पाठ, तीसुद्धा चुकीची! माणूस भुलला की त्याला डावं-उजवं कळत नाही, असं मी मनाशी ठरवलं. त्या रात्रीपासून ती बाई माझ्या घशाशी माशाच्या काट्यासारखी अडकून बसली.

खरा घाव पुढं कळला. तंबूचे मालक दौलतराव म्हणाले की पुढच्या जत्रांसाठी चित्र ठेवून घ्यायला पैसे कमी पडतात, आणि यांनी माझी बोरमाळ सराफाकडं गहाण टाकून त्यांना एकशेवीस रुपये दिले. बोरमाळ माझ्या आईची. आई गेली तेव्हा माझ्या गळ्यात आलेली. चिंचवडचे खेळ संपले की पैसे परत, असा शब्द होता. खेळ संपले, तंबू गुंडाळला, दौलतराव चाकणच्या जत्रेला निघून गेले. सराफानं वैशाखापर्यंत मुदत दिली. वैशाखातच माझ्या भाचीचं लग्न. मोकळ्या गळ्यानं मी त्या मांडवात कशी उभी राहणार होते?

"मी जाऊन घेऊन येतो," हे म्हणाले. म्हणताना तोंडावर आनंद मावत नव्हता.

कारण गावात बातमी आली होती की चाकणच्या तंबूत मिस अंगार स्वतः आली आहे आणि खेळाच्या आधी लोकांसमोर खंजीर फेकून दाखवते.

"मीबी येनार," मी म्हटलं. माझ्या तोंडून असं वाक्य आजवर निघालं नव्हतं.

तळवडे

आमच्या ओळखीचे पांडूतात्या कांदा आणायला रिकामी बैलगाडी घेऊन चाकणला निघाले होते. त्यांच्या गाडीत रिकाम्या पोत्यांवर आम्ही बसलो. हे पुढं, मी मागं, पदर डोळ्यांपर्यंत. निगडी मागं पडेपर्यंत यांचे तात्यांना दोन खंजीर सांगून झाले होते. तळवडं दिसायला लागलं तेव्हा चौथा चालू होता. सकाळचं रान, बाभळी पिवळ्या फुललेल्या, लांबवर देहूचे डोंगर. मला ते सगळं डोळे भरून बघायचं होतं. पण कानावर सारखं "मग ती अशी उडी मारते, मग ती अशी वळते."

"पोरगी कुनाची म्हनायची?" तात्यांनी विचारलं.

"सिनेमातली हाय हो तात्या."

"तरी बी. आईबाप असतीलच की. लगीन झालंय का तिचं?"

हा प्रश्न यांना सुचलाच नव्हता. मला मात्र पहिल्या दिवसापासून सुचला होता.

तळवडं माझं माहेर. दादाच्या घरी दुपारचं जेवण झालं. हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा. आमच्याकडं चिंचवडला आता लोक माडग्याला नाक मुरडायला लागले आहेत. कंपनीची कँटीन झाल्यापासून सगळ्यांना पाव लागतो. मी दोन वाट्या प्यायले.

वाढता वाढता वहिनीची नजर माझ्या गळ्यावर आली.

"वन्सं, बोरमाळ कुठाय?"

"गाठायला दिलीया. दोरा कुजला हुता."

"लग्नाला घालशीला न्हवं? पोरगी म्हनत हुती, आत्याची बोरमाळ लई झ्याक दिसती." वहिनीनं हे अगदी सरळ मनानं म्हटलं. तिच्या गळ्यात तिची ठुशी होती, तीही मी सारखी बघत बसले. मला त्या ठुशीचा हेवा वाटला आणि हेवा वाटल्याची लाजही. हे खाली मान घालून भाकरी कुस्करत होते.

दुपारनंतर इंद्रायणीतून गाडी घातली. पाणी घोट्याएवढंच, पण मधे एक बैल अडून बसला. मला उतरावं लागलं आणि एक चप्पल वाहून गेली. हे धावले, पाणी उडवत बरेच लांब गेले, चप्पल काही सापडली नाही. पुढचा सगळा प्रवास मी एका चपलेनं केला. ती एक चप्पल टाकून द्यायला मन होईना आणि घालून चालताही येईना.

चाकण

चाकण म्हणजे कांदा. गावात शिरायच्या आधी वास येतो. बाजाराच्या बाजूला माणसाच्या उंचीचे ढीग, त्यांच्या सावलीत हमाल झोपलेले. जत्रेत पाळणे, बांगडीवाले, गुडदाणी. आणि मैदानाच्या टोकाला आमच्याच नदीकाठचा तंबू. दारावर मोठं चित्र रंगवलेलं, काळा रुमाल आणि हातात खंजीर. एवढ्या लांब येऊनही ती माझ्या आधी पोचून उभी!

दौलतराव जाडजूड माणूस, बोलणं तुपाळ. यांना बघताच मिठी मारली.

"या राव, या! तुमी म्हंजे घरचं मानूस. वहिनी, तुमीबी? लई झाक. च्या सांगा रे!"

मी कोपरानं यांना ढोसलं. यांनी घसा खाकरला, "दौलतराव, ते आपलं..."

"आज तुमी मशीनीपाशी बसायचं. ऑपरेटरच्या शेजारी."

झालं. ऑपरेटरच्या शेजारी म्हटल्यावर यांचे डोळे लहान मुलासारखे झाले आणि बोरमाळ चहाच्या बशीत बुडाली.

मला तंबूच्या मागच्या अंगाला पाठवलं. तिथं तीन दगडांच्या चुलीवर एक बाई सगळ्या माणसांच्या भाकऱ्या थापत होती. वय माझ्याएवढंच. विटकं लुगडं, हातात काचेच्या दोनच बांगड्या. भाकरी टम्म फुगायची तिची. मला तेही बघवेना. भाकरी फुगवण्यात आमच्या आळीत माझा हात कोणी धरत नाही.

"बसा की बहेन," ती म्हणाली. "कांदा चिरता येतो ना?" तिनं मोराच्या मुठीची एक सुरी माझ्या पुढं टाकली. जत्रेत मिळते तसली, मुठीचा रंग गेलेला, पण धार चांगली.

तिच्या ओठाशेजारी तीळ होता. मग मी नीट बघितलं. तीळ डाव्या गालावर होता. माझा जीव भांड्यात पडला. त्या दुसरीचा उजव्या गालावर. यांच्या डोळ्यांचा भरवसा नसेल, माझ्या डोळ्यांचा मला आहे.

"तुमी बी तंबूतल्या का?" मी विचारलं.

"हां. हमीदा. भाकऱ्या मीच करते, दिसतंय ना."

मी परक्याशी बोलत नाही. पण कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतंच, आणि एकदा पाणी आलं की ते कशाचं हे कोणी विचारत नाही. मी बोलायला लागले ती थांबेना. बोरमाळ सांगितली, आई सांगितली, वैशाखातला मांडव सांगितला.

"आनि हे सगळं त्या अंगारीपायी," मी म्हटलं. "काय हाय वो तिच्यात? पँट घालती. डाव्या हातानं जेवती. तोंडाला रुमाल कशापायी? खाली नाक वाकडं आसंल."

हमीदा हसली. पिठाच्या हातानं तिनं स्वतःचं नाक चाचपलं. "असेलही."

"लगीन झालंय का तिचं?"

"झालं होतं. नवरा गेला सोडून."

"का?"

"पडद्यावर बघायला आवडायची. घरात बघायला नाही."

"बरं झालं," मी म्हटलं. वर आणखी पुष्कळ म्हटलं. ते सगळं लिहवत नाही.

तिनं मला ताट वाढलं. त्या भागात मासवडी करतात. बेसनाच्या वड्या, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा. मुसलमान बाईच्या हातचं, सासूबाईंना कळलं तर अंगणात आंघोळ घालतील, असा विचार मनात आलाच. पण बोलून बोलून भूक लागली होती. मी खाल्लं. इतकं चांगलं होतं की त्याचाही मला हेवा वाटला.

अंधार पडायला लागला तशी मी बायकांच्या बाजूला निघाले. हमीदानं दंडाला धरलं.

"तिकडं नको. पुढं बस. मशीनीपाशी, माझ्या माणसांत. कोणी काही म्हणणार नाही. मला कपडे बदलायचेत, मी नंतर येते."

कपडे कशाला बदलायचे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी पदर ओढून मशीनीमागं अंग चोरून बसले. पलीकडं आमचे हे ऑपरेटरला सातव्या खंजिराविषयी आपलं मत सांगत होते. मला त्यांनी बघितलं नाही.

दिवा लागला. काळ्या रुमालाची बाई पुढं आली आणि गड्यांनी तंबू डोक्यावर घेतला. तिनं लांबून फळीवर खंजीर फेकले, एकेक खट्ट करून रुतला. फेकत होती उजव्या हातानं. मला वाटलं, लोकांपुढं आहे म्हणून उजवा वापरत असेल.

मग दिवा गेला आणि चित्र सुरू झालं.

पडद्यावर अक्षरं आली. बाळबोध. पहिलं आ. मग ठ. मी ओठ हलवत वाचलं. आठवा खंजीर, असंच होतं ते. खाली कोणाकोणाची नावं आली, तीही लागली, भराभर लागली. माझी चौथी पुरली. चांगली पुरून उरली.

पहिला माणूस जेवायला बसला आणि त्यानं उजव्या हातानं घास घेतला. बायकांचे पदर डाव्या खांद्यावर. आणि ती आली, रुमालाखाली तीळ. डाव्या गालावर.

एका क्षणात सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं असं वाटलं. पडद्यामागून दिसतं ते उलटं. आम्ही सगळ्या जन्मभर उलटं बघत आलो, आणि त्या उलट्यावरून माणसांना नावं ठेवत आलो.

माझ्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं. पँटीवर लुगडं गुंडाळलेलं, काळा रुमाल मुठीत.

"नाक वाकडंच आहे," हमीदा कानात म्हणाली. "त्या भिंतीवरून उडी मारली ना, आता येईल बघ. तिथंच मोडलं. डॉक्टरला पैसे दिले नाहीत कंपनीनं, तसंच जुळलं."

पडद्यावर ती भिंतीवरून उडाली. गडी ओरडले. मी तिचा हात धरला. माफी कशी मागतात ते मला येत नाही. मी हात सोडला नाही एवढंच.

खरं सांगायचं तर हेवा गेला नाही. तो फक्त उठून दुसरीकडं जाऊन बसला. समोर सगळे गडी बसले होते, मांड्या पसरून, विड्या ओढत, अक्षरं वाचत, तीळ योग्य गालावर बघत. त्यांना हे सगळं आयतं होतं. मला त्या सगळ्यांचा असा राग आला, आमच्या यांचा सगळ्यांत जास्त.

चाकण, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी मी हमीदाबरोबर पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या. त्याच सुरीनं कांदा चिरताना तिनं मला सहावा आणि सातवा खंजीर सांगितला. मग आठवाही. तो मी इथं आत्ता लिहीत नाही. आमचे हे थांबले होते, वाचणाऱ्यानंही थांबावं.

दौलतरावांनी तिचेही पैसे ती तंबूत आल्यापासून दिले नव्हते. "आज देतो, उद्या देतो. जबान गोड आहे ना त्याची," ती म्हणाली. "तुझ्या घरवाल्यानं मागितले?"

"मागितलं न्हाईत. सकाळधरनं तंबूचं खुंटं ठोकत्यात. फुकट."

तिनं चुलीत लाकूड सारलं.

संध्याकाळी तंबू भरला. फळी उभी केली, दिवा लागला. मिस अंगार येईना. दौलतराव मागं धावत आले. हमीदा चुलीपाशी बसली होती, पँट घातलेली, रुमाल मांडीवर.

"अगं, लोक थांबलेत!"

"थांबू दे. रुमाल बांधायला हात उठत नाही."

"आता काय झालं?"

"मेरा हिसाब नंतर बघू. आधी या बहेनची बोरमाळ."

दौलतराव माझ्याकडं वळून हसले. "वहिनी, आमी गडीमानसं बघू की ते. तुमी कशाला..."

बाहेर पोरं खंजीर, खंजीर म्हणून फळ्या बडवायला लागली होती. आमचे हेही आत आले. ती पहिल्यांदाच यांच्यासमोर अशी बिनरुमालाची, हाताच्या अंतरावर. हे तिच्याकडं बघत राहिले, तोंड उघडं, शब्द नाही. ती यांच्याकडं न बघता मला म्हणाली, "हाच का तुझा?"

"व्हय."

"बोलत नाही का?"

"घरी लई बोलत्यात," मी म्हटलं. मग कुठून बळ आलं माहीत नाही, पदर मागं सारून मी दौलतरावांना म्हटलं, "माजी माळ माज्या आईची हाय. पैसं द्या."

एवढंच. माझा आवाज चिरका येतो, तसाच आला. पण बाहेर एक बांबू मोडल्याचा आवाज झाला आणि दौलतराव तिकिटाच्या खिडकीकडं पळाले. आले ते गल्ल्याचा डबा घेऊन. निम्मे पैसे निघाले, तेवढे माझ्या पदरात ओतले, सगळी आणे-दोन आणे अशी खुर्दा नाणी. बाकीचे नाहीतच, खरंच नाहीत, म्हणून त्यांनी कानाच्या पाळ्या धरल्या. हमीदानं डब्याचा तळ स्वतः बघितला आणि मग रुमाल बांधला.

परत निघताना तिनं मला तिची जुनी चप्पल दिली. "एका पायानं किती चालशील?" म्हणाली. पुढची जत्रा खेडची. बैलगाडीत तंबूचं कापड भरत ती उभी होती आणि माझ्या मनात आलं, खेडला ती आणखी कोणा बाईला भाकऱ्या थापायला बसवील, बहेन म्हणेल, पडद्यापुढं नेईल. त्या न बघितलेल्या बाईचा मला इतका मत्सर वाटला की मी नीट निरोपही घेतला नाही.

भोसरी

पांडूतात्या कांद्याच्या भावासाठी थांबले, म्हणून आम्ही कांद्याच्या ट्रकमधून भोसरीमार्गे निघालो. ड्रायव्हर बोलका होता. तंबूतून आलो म्हटल्यावर त्यानं पहिला प्रश्न हाच केला, "राव, सहावा खंजीर कुनाला मारला, काय कळलं का? मी नगरला बघितला, तिथंबी पाचच."

"कुनालाच ठाऊक न्हाई," हे उसासा टाकून म्हणाले. "ऑपरेटरलाबी न्हाई."

"मला ठाऊक हाय," मी पदराआडून म्हटलं.

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मागून दोन पोती खाली आली. भोसरीच्या वेशीपाशी चहाच्या टपरीसमोर ट्रक उभा राहिला आणि दोघं गडी माझ्याकडं बघत बसले.

"तुला? कुनी सांगितलं?"

"तिनं."

"तिनं! काय काय बोलली तुझ्यासंगं? दोन दिस तिच्यापाशी बसलीस तू?" यांचा चेहरा मी नीट न्याहाळला. तो चेहरा मला ओळखीचा होता. शिमग्यापासून तो मीच घालून फिरत होते.

"वहिनी, सांगा की," ड्रायव्हर म्हणाला. "च्या पाजतो. भजी पन."

"न्हाई."

"अगं पन का?"

"ऱ्हायलेलं पैसं सराफाला भरा. पहिल्या ओव्हरटाइमला सहावा सांगीन. दुसऱ्याला सातवा. सगळं फिटलं की आठवा."

ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला. "मेलो! मला कधी कळायचं?"

भजी मात्र त्यानं दिली. गरम होती, कांद्याचीच. पोती परत चढवायला यांना मदत करावी लागली.

घरी

यांनी ओव्हरटाइम केला. आमच्या लग्नात केले नसतील एवढे कष्ट केले. पहिले पैसे सराफाकडं गेले त्या संध्याकाळी मी सहावा सांगितला. धान्याच्या पोत्यांमागं लपलेला मुनीम, ती खंजीर पोत्यावर मारते, दाणे वाहून जातात आणि तो उघडा पडतो. हे उठून उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी सगळी शिफ्ट दाणे-दाणे करत होती म्हणे. सातव्याच्या वेळी यांचे दोन मित्र ओट्यावर येऊन बसले. मी आतून सांगितलं, त्यांनी बाहेरून ऐकलं. आता मी पडद्याच्या आत आणि ते बाहेर, पण गोष्ट माझ्याकडं होती.

चैत्र सरता सरता हे एका दुपारी घरी आले आणि माझ्यापुढं बोरमाळ ठेवली. दोरा नवा गाठलेला. वहिनीला मी सांगितलेलं खोटं तेवढं खरं झालं.

"आता आठवा," हे म्हणाले.

मी बोरमाळ आधी गळ्यात घातली, फासा नीट बसवला. मग सांगितलं.

"आठवा कधी काढलाच न्हाई. कंपनीचं पैसं संपलं, मालक पळाला. नाव तेवढं आधी छापून झालं हुतं."

हे मटकन खाली बसले. "म्हंजे आठवा खंजीर न्हाईच?"

"हाय की. तिच्या पट्ट्यातच ऱ्हायला. कंपनीनं पगार दिला न्हाई, म्हनून तिनं तो ठेवून घेतला. मोराच्या मुठीचा. भाकरीच्या परातीशेजारी पडलेला असतो."

"तू बघितलास?"

"दोन दिस कांदा चिरला त्यानं."

हे माझ्याकडं बघत राहिले. कधी नव्हे ते माझ्या कपाळावरच्या खोकेपर्यंत नजर गेली. मग हळूच विचारलं, "कुठल्या हातानं?"

"उजव्या."

यांनी माझा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं बघितली. वास घेतला. त्यांच्या घशाशी आता काटा अडकला होता आणि मी तो काढायला गेले नाही. बोरमाळ गळ्यात गार लागत होती, आणि सराफाचा शेवटचा रुपया त्याच दिवशी सकाळी फिटला होता.